रोज एक दिवा पुढे

१

ध्रुवाजवळच्या केलोयोकी गावात डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. अकराच्या सुमारास आभाळ निळसर होतं, तास-दीड तास तसंच राहतं, आणि मग कोणी कंदिलाची वात खाली करावी तसं विझत जातं. दुपारी तीनला मिट्ट काळोख. म्हणून या गावात कोणाच्या वाटेवरचा दिवा बिघडला, तर ती किरकोळ गोष्ट मानत नाहीत.

इंकेरीचा दिवस रोज एकाच पद्धतीने सुरू व्हायचा. दुकानामागच्या खोलीत नगरपालिकेचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. ती हातमोजे शेगडीजवळ वाळत टाकायची, कॉफी चढवायची आणि कॉम्प्युटरवर आदल्या दिवसाची नोंद बघायची. कोणता दिवा किती वाजता लागला, किती वेळ जळला. ती सव्वीस वर्षांची होती. दक्षिणेत वीजतंत्राचं शिक्षण घेऊन, तिथली चांगली नोकरी नाकारून गावी परतली होती, आणि गाव एका दिवसात शहाणं का होत नाही याचा तिला रोज नव्याने राग यायचा.

तळ्याकाठच्या वाटेवरचे अकरा दिवे तिनेच लावून घेतले होते. पूर्वी तिथे जुने दिवे होते. सप्टेंबरात पेटले की एप्रिलपर्यंत जळत राहायचे. "रिकाम्या बर्फाला उजेड दाखवायचा कशाला?" असं तिने भर सभेत उभं राहून विचारलं होतं. तीन सभा भांडली तेव्हा नवे दिवे आले. त्यांच्यात सेन्सर होता. अंगाची ऊब जवळून हलली की त्याला कळायचं. माणूस खांबापाशी आला की दिवा लागायचा, पुढे गेला की दोन मिनिटांनी विझायचा. खांब एकमेकांपासून शंभर पावलांवर. पहिला दुकानाच्या अंगणात, अकरावा लेम्पीआजीच्या ओसरीसमोर.

त्या बुधवारी तक्रारींच्या यादीत एकच ओळ होती. चौथा दिवा आपोआप लागतो. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तक्रारदार, लेम्पी.

"तुझी लेकरं खोड्या काढायला लागली," पलीकडच्या टेबलावरून राउनो म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. निवृत्तीला चार वर्षं उरलेला, दाढीत कायम पावाचा चुरा असलेला.

"ससा असेल."

"मग ससाच लिही आणि तक्रार बंद कर. आजच. ऐंशीच्या वरच्या माणसाने तक्रार केली की तिची प्रत वृद्धसेवेकडे आपोआप जाते, ठाऊक आहे ना?"

इंकेरीला ठाऊक होतं. लेम्पीआजी चौऱ्याऐंशी वर्षांची. शरदात ती चुलीवर भांडं ठेवून तळ्यावर गेली होती आणि घरभर धूर झाला होता. तेव्हापासून वृद्धसेवेच्या बाईंचा तिच्यावर डोळा होता. नव्वद किलोमीटरवरच्या शहरात वृद्धाश्रम होता, तिथे एक खोली रिकामी होती, आणि बाई येत्या सोमवारी भेटायला येणार होत्या. दिवा खरोखर बिघडलाय असं कागदावर सिद्ध झालं, तर म्हातारी शहाणी ठरणार होती. नाही झालं, तर भ्रमिष्ट.

"ससा लिहिणार नाही," इंकेरी म्हणाली. "आधी बघते."

"बघ बाई. तरुण आहेस, चालून ये."

२

वाटेवर पाच घरं होती. त्यातली चार बंद. माणसं दक्षिणेला निघून गेली होती. कोणाचं पोर तिकडे, कोणाचं काम तिकडे. त्या चारही दारांना बाहेरून झाडू टेकवलेला होता, दांडा खाली आणि झुपका वर. या मुलखात दारांना कडी-कुलूप कोणी करत नाही. झाडू टेकवला की घरात कोणी नाही, आणि मग तो ओलांडून आत कोणी जात नाही. चोरही जात नाही म्हणतात. एका दाराचा झाडू नऊ वर्षं तसाच होता.

चौथ्या खांबाशी तिने शिडी लावली. सेन्सरच्या काचेवर बर्फ नव्हतं. आसपास फांदी नव्हती, गरम हवा सोडणारं भोक नव्हतं, सशाचे ठसे नव्हते. वाटेवर एकच माग होता, आजीच्या ढकलत न्यायच्या घसरखुर्चीचा. तोही शनिवारचा. ती शिडीवरून उतरली, लांब गेली, परत आली. दिवा बरोबर लागला, बरोबर विझला. इतका निर्दोष दिवा तिने त्या हिवाळ्यात पाहिला नव्हता. आणि तिला तर दोष हवा होता.

लेम्पीआजीने तिला स्वयंपाकघरात बसवलं. चूल धगधगत होती. तिचं लोखंड मधूनच टकटक करायचं. आजीने गावच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले, स्वतःची कॉफी बशीत ओतली आणि दातांत साखरेचा खडा धरून ती भुरका मारायला लागली.

"तुला वाटतं मी खुळावले," खडा विरघळल्यावर ती म्हणाली.

"मला वाटतं दिवा खुळावलाय."

"दिवा गुणाचा आहे. कोणी आलं की लागतो, हेच त्याचं काम ना?"

"पण कोणी आलंच नाही, आजी. बर्फात पाऊल नाही."

"ते मीही बघितलं." आजीने बशी खाली ठेवली. "तू आज पाचवा बघ. थांब तीनपर्यंत. घाई असेल तर जा."

इंकेरीला घाई होती, पण ती थांबली. स्वयंपाकघराची खिडकी वाटेकडे उघडत होती. बाहेर निळं आभाळ काळं झालं. खांब दिसेनासे झाले. भिंतीवरचं घड्याळ जरा पुढे होतं. त्यात सव्वातीन झाले तेव्हा इंकेरीच्या मनगटावर तीन वाजून दहा मिनिटं होती.

पाचवा दिवा लागला.

पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असं करत नव्हे. एकटा पाचवा. त्याच्याखाली पिवळट गोल पडला, त्यात बर्फ आणि खांबाची सावली. दोन मिनिटं जळला आणि विझला.

"सहावा लागेल का आता?" इंकेरीने विचारलं. आपला आवाज बारीक झालाय हे तिला जाणवलं.

"उद्या," आजी म्हणाली. "दमानं येतंय."

ऑफिसात परतल्यावर तिने कोट न काढताच नोंद उघडली. शनिवार, पहिला दिवा, तीन दहा. रविवार, दुसरा. सोमवार, तिसरा. मंगळवार, चौथा. बुधवार, पाचवा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं. लोक आले-गेले त्या नोंदी वेगळ्या दिसत होत्या, कारण त्यांत जाणं असायचं तसं येणंही असायचं. या पाच नोंदींत येणंच होतं. मागे वळल्याची एकही नाही.

३

गुरुवारी तिने सहाव्या खांबाचा सेन्सर काढून कोराकरकरीत बसवला. तीन वाजून दहा मिनिटांनी सहावा लागला.

"संवेदना कमी कर त्याची," राउनो म्हणाला. "काटा शून्यावर आण. दिवा लागणार नाही, तक्रार येणार नाही, सोमवारी बाईंना सांगायला काही उरणार नाही. पंचवीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणजे रोग्याची नाडी बघायची नाही की ताप नाहीच."

"काही ताप आपोआप उतरतात, पोरी."

इंकेरीने मान उडवली. असल्याच माणसांमुळे गावं ओस पडतात, असं तिचं ठाम मत होतं. तक्रार मिटवायची म्हणजे तक्रार करणाऱ्याला गप्प करायचं, ही यांची रीत.

शुक्रवारी तिने घरांच्या भिंतीतून ऊब कुठे गळते ते बघायचा कॅमेरा घेतला. त्याच्या पडद्यावर थंड ते निळं दिसतं, कोमट ते पिवळं. पावणेतीनला ती सातव्या आणि आठव्या खांबाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कोणत्याच सेन्सरच्या टप्प्यात येणार नाही अशी. हवा उणे सत्तावीस होती. पापण्या चिकटत होत्या. वारा नव्हता. इतकी शांतता की स्वतःच्या टोपीत स्वतःचंच रक्त ऐकू यावं.

तिने मनाशी कारणं मोजली. तारेत कुठे तरी ओल शिरली असेल. वीज पुरवणाऱ्या पेटीत त्या ठरावीक वेळेला झटका येत असेल. पण झटक्याला एकेक दिवा पुढे सरकायची अक्कल कुठून आली, याचं उत्तर सापडत नव्हतं.

करकर.

थंडीत बर्फ पायाखाली करकरतं तसा आवाज. एकदाच. एका पावलाचा.

सातवा दिवा लागला. खाली कोणी नव्हतं. इंकेरीच्या स्वतःच्या बुटांचा माग सोडला तर बर्फ गुळगुळीत होतं, पिठाच्या परातीसारखं. इंकेरीने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. पडदा निळाभोर, खांब निळा, वाट निळी. आणि वाटेच्या मधोमध, शेजारी शेजारी, दोन पिवळे ठसे.

ते तळवे होते. अनवाणी. बोटंसुद्धा दिसत होती. बोटं आजीच्या घराकडे होती.

तिने पडद्यावरून नजर काढली. नुसतं बर्फ. परत पडद्यावर. ठसे हळूहळू हिरवे होत होते, मग निळसर, जसा चुलीवरून उतरवलेला तवा निवत जातो. दिवा विझला तेव्हा तेही विझले.

दिव्याच्या उष्णतेचं प्रतिबिंब, ती परतताना मोठ्याने म्हणाली. काचेवर धुकं. कॅमेरा जुना आहे. घरी पोचेपर्यंत ती हे म्हणत राहिली. रात्री तिने पाय गरम पाण्यात घातले तेव्हा तिला स्वतःच्या तळव्यांकडे बघवेना.

४

शनिवारी ऑफिस बंद असतं. तरी ती गेली. आठवा, तीन दहा. रविवारी नववा.

रविवारी राउनोही आला. तिच्या मागे उभा राहिला. नोंदीत नवव्याची ओळ उमटली तेव्हा त्याने टोपी काढली आणि परत घातली.

"मंगळवारी अकरावा," तो म्हणाला.

"हो."

"आणि बाई उद्या येणार. तोवर तू तुझ्या कागदावर काय लिहिणार?"

इंकेरीने कोरा कागद पुढे ओढला. कागदावर लिहिण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. दिवे निर्दोष, सेन्सर निर्दोष, वाट रिकामी. हे खरंखरं लिहिलं तर वृद्धाश्रमातली ती खोली भरणार होती.

५

बाई अकराला येणार होत्या. इंकेरी नऊलाच वाटेला लागली. ओसरीवरचं बर्फ ओढावं, आजीचे केस विंचरलेत का बघावं, काय बोलायचं नाही ते समजावून सांगावं, असं तिने योजलं होतं.

आजीच्या दाराला झाडू टेकवलेला होता.

ती ओसरीच्या पायरीशीच थबकली. बाई आदल्या दिवशीच येऊन आजीला घेऊन गेल्या, हाच विचार आला. तिने हाकसुद्धा मारली नाही. झाडू असलेल्या घराला कोणी हाक मारत नाही. ती मागे वळली, दहावा खांब ओलांडून नवव्यापर्यंत गेली, आणि रागाने एकदा वळून बघितलं तेव्हा तिला अजून जळत्या अकराव्या दिव्याच्या उजेडात धुराड्यातून धुराची बारीक दोरी वर जाताना दिसली.

चूल पेटवून कोणी गावाला जात नाही.

ती धावत परत आली. झाडू बाजूला करून आत शिरताना तिला अंगणात कोणी बघत असल्यासारखं अवघडल्यागत झालं. जन्मात पहिल्यांदाच तिने असा झाडू हलवला होता. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. खिडकीला घोंगडी टांगलेली. चुलीच्या फटीतल्या लालसर उजेडात आजी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आजी, हे काय?"

"शू. घरात कोणी नाही."

"झाडू तू लावलास? आतून?"

"लाकडांच्या खोपीतून बाहेर गेले, लावला, खोपीतूनच आत आले." आजी हळू पण स्वच्छ आवाजात बोलत होती. "पायी येतंय ना, म्हणजे गावचंच आहे. बाहेरचे गाडीने येतात. गावचं माणूस झाडू ओलांडत नाही. येईल, बघेल, जाईल."

"कोण आहे ते?"

"मला काय ठाऊक. पूर्वी दिवे सतत जळायचे. तेव्हाही कोणी चालत असेल. कळत नव्हतं. तू कळायची सोय केलीस."

इंकेरी गुडघ्यांवर बसली. आजीचे हात उबदार होते, सुरकुतलेले, कॉफीचा वास येणारे. दोन तासांनी वृद्धसेवेच्या बाई या दारात येणार होत्या. झाडू बाहेर, म्हातारी आत, काळोखात, कोणाची तरी वाट बघत लपलेली. याहून भक्कम पुरावा त्यांना कुठे मिळणार होता?

"आजी, तुला इथेच राहायचंय ना?"

"इथेच मरायचंय. राहणं त्यातच आलं."

"मग माझं ऐक. बाई असेपर्यंत यातलं काही बोलायचं नाही. आणि झाडू लावायचा नाही. त्या पुन्हा कधीही कोणालाही पाठवतील. त्यांचं पत्र येईपर्यंत नाही. शब्द दे."

आजीने चुलीत एक लाकूड सारलं.

"तुला भलतीच घाई असते," ती म्हणाली. "दिला शब्द."

इंकेरीने घोंगडी काढली, दिवे लावले, झाडू आत आणून चुलीमागे उभा केला. मग मोबाइलवरून दहाव्या आणि अकराव्या दिव्याची संवेदना शून्यावर आणली. आज आणि उद्या दोन्ही दिवे गप्प राहतील. आजी खिडकीतून बघेल, तिला काही दिसणार नाही, तिचं मन शांत होईल. असंच तिने स्वतःला सांगितलं. राउनोची पंचवीस वर्षांची रीत तिने एका मिनिटात उचलली आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

बाई आल्या. आजीने त्यांना वेलदोड्याचा पाव दिला, देशाचा अध्यक्ष कोण ते सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करून दाखवले. "आणि तो दिवा?" बाईंनी विचारलं. "तो होय. ही पोर बघते ना," आजी हसून म्हणाली. निघताना बाई ओसरीवर इंकेरीला म्हणाल्या, "ठणठणीत आहेत की. उगाच लोक काहीबाही लिहितात."

त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी नोंदीत एकही ओळ उमटली नाही.

६

मंगळवारी दोनच्या सुमारास वृद्धसेवेकडून संदेश आला. श्रीमती लेम्पी यांनी आपल्या घरी राहण्यास हरकत नाही. राउनोने तो मोठ्याने वाचला.

"जिंकलीस," तो म्हणाला. "कॉफी घे."

तिने कप घेतला, पण ती प्यायलीच नाही. पडदा रिकामा होता. अकरा दिव्यांची यादी, पुढे काही नाही. आठवडाभर ही यादी तिला घाबरवत होती, तरी निदान सांगत तरी होती. आज कुठपर्यंत आलंय ते कळायला जागाच नव्हती. जी एक गोष्ट ते बघू शकत होती, तिचे डोळे तिने स्वतः झाकले होते.

तीन वाजून आठ मिनिटांनी तिने फोन उचलला. पत्र आलंय, आता झाडू लाव, एवढंच तिला सांगायचं होतं. तिकडे बराच वेळ घंटी वाजली.

"ऐकतेय," आजी म्हणाली.

"आजी, पत्र आलं. आता तू..."

"थांब जरा." आजीने फोन कानापासून दूर धरला असावा. मग आवाज जवळ आला. "ओसरीवर कोणीतरी पाय झाडतंय. तूच आलीस ना?"

"मी ऑफिसात आहे."

आणि मग इंकेरीलाही ऐकू आलं. या गावात प्रत्येक जण आत येण्याआधी ओसरीवर पाय आपटून बर्फ झाडतो. बुटांचा तो खणखणीत आवाज तिच्या ओळखीचा होता. हा तसा नव्हता. मऊ होता. थप, थप. थोडं थांबून पुन्हा थप.

"बूट नाहीत बिचाऱ्याच्या पायात," आजी म्हणाली.

"आजी, खोपीतून बाहेर पड. मी येते."

"या वयात बर्फातून कुठे पळू? आणि पळायचं कोणापासून?" तिच्या आवाजात भीती नव्हती. पाहुण्यापुढे घरातल्या माणसाचा आवाज होतो तसा तो जपून, नीटनेटका झाला होता. "उणे तीस आहे, इंकेरी. दारात माणूस उभा आहे. झाडू लावलेला नाही आणि चुलीवर कॉफी आहे. नाही कसं म्हणायचं?"

"माझ्यामुळे झालं हे."

"तुला घाई होती, एवढंच. वाईट नव्हतं काही मनात."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता. इंकेरीला चुलीचं लोखंड टकटकताना ऐकू आलं. मग आजीचा आवाज, लांबून.

"या आत."

दार उघडलं. फळ्यांवर मऊ पावलं, सावकाश, मोजून. खुर्ची ओढली गेली. काही तरी ओतलं गेलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. आजी हलकेच काही विचारत होती. उत्तर आलं असेल तर ते फोनपर्यंत पोचलं नाही. मग आजी हसली. ते हसू इंकेरीने कधी ऐकलं नव्हतं. तरुण मुलीचं हसू होतं, कोणाला तरी फार दिवसांनी ओळखल्यावर येतं तसं.

"कोट घेते हं," आजी म्हणाली.

दार. नंतर फक्त चूल.

इंकेरीने अकराही दिव्यांची संवेदना पूर्ण वर नेली. पडद्यावर तत्काळ ओळ उमटली. अकरावा. राउनो उठून उभा राहिला. मिनिटभराने दुसरी ओळ. दहावा.

"परत येतंय," राउनो म्हणाला.

त्यांनी कोट चढवले आणि बाहेर पडले. अंगणातला पहिला दिवा त्यांच्यासाठी लागला. समोर वाट काळी होती, आणि पार लांब, तळ्याच्या वळणापलीकडे, दोन ठिपके. नववा पेटला, अकरावा विझला. आठवा पेटला, दहावा विझला. रोज शंभर पावलं चालणारं आता माणसाच्या चालीने येत होतं. सावकाश, म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन चालावं तसं.

"आजी!" इंकेरीने एकदाच हाक मारली. बर्फाने ती गिळली.

तिला पळत पुढे जायचं होतं. सगळी अक्कल, सगळा राग तिला पुढे ढकलत होता आणि पाय जागचे हलत नव्हते. पाचवा पेटला. चौथा. तिसरा. वाट एका माणसापुरती रुंद होती. या गावात वडीलधारं समोरून आलं की धाकट्यांनी खोल बर्फात उतरून वाट द्यायची. राउनो आधी उतरला, गुडघ्यापर्यंत. टोपी काढून छातीशी धरली. त्याचं टक्कल थंडीत वाफाळत होतं. मग इंकेरी उतरली.

दुसरा दिवा लागला.

त्याच्या गोलात कोणी नव्हतं. मात्र हवेत, बुटक्या, वाकलेल्या म्हातारीच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा एक छोटा ढग आला. विरला. दोन पावलं अलीकडे पुन्हा आला. धाप लागलेल्या माणसाचा श्वास. त्याच्या शेजारी श्वास नव्हता. शेजारी फक्त हवेत तरंगणारे हिमकण बाजूला सरत होते, गर्दीने कोणाला वाट द्यावी तसे.

ते त्यांच्या समोरून गेलं तेव्हा इंकेरीने डोळे मिटले नाहीत, पण वरही केले नाहीत. तिच्या गालाला ऊब लागली. उणे तिसात, चुलीजवळून गेल्यासारखी. वेलदोड्याचा आणि कॉफीचा वास आला. बर्फ करकरलं, दोन चालींत.

"जपून जा, आजी," राउनो पुटपुटला.

करकर पहिल्या खांबापलीकडे गेली आणि उजवीकडे वळली, दुकानाकडे नाही, तळ्याच्या गोठलेल्या पाठीकडे. दोघं हलली नाहीत. दोन मिनिटं झाली तेव्हा डोक्यावरचा दिवा विझला. इंकेरी त्या बाजूला बघत राहिली. कुठवर गेले ते कळायला तिथे एकही खांब नव्हता. दिव्यांचा नकाशा तिनेच आखला होता, आणि तळ्याच्या त्या बाजूवर तिनेच लिहिलं होतं, इकडून कोणी चालत नाही.